परदेशी जोडीदाराची पेन्शन: नागपुरात कायमचं राहायला येण्याआधी आणि आल्यानंतर

नागपूरची मुलं-मुली शिकायला, नोकरीला बाहेर गेली, तिथेच लग्न झालं, आणि आता चाळिशी-पंचेचाळिशीत आई-बाबांसाठी म्हणा, मुलांच्या शाळेसाठी म्हणा, परत यायचं ठरतं. मग घर कुठे घ्यायचं, मनीषनगर की बेसा, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. व्हिसाची चौकशी होते. परदेशी जोडीदाराने तिकडे बारा-पंधरा वर्षं जी पेन्शनची वर्गणी भरली, तिचा विषय मात्र सामान बांधताना निघतो. आणि कोणीतरी काका हमखास म्हणतात, "काढून घ्या ना बाप्पा सगळे पैसे, तिकडे कशाला ठेवता?"

माझी बायको जर्मन आहे. आम्ही तिच्या निवृत्तीला वीसेक वर्षं बाकी असताना इकडे आलो. त्यामुळे या लेखात जर्मनीचे तपशील जास्त आहेत. ब्रिटन, अमेरिका, जपान वगैरे जिथे वेगळे आहेत तिथे ते सांगितलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: पैसे बहुतेक वेळा तिथेच राहू द्यावेत. इकडे आणायची ती नोंद, म्हणजे कोणत्या वर्षी किती वर्गणी भरली त्याचा पक्का कागद.

निघायच्या वर्षभर आधी: काय काय आहे ते वेगळं करा

"पेन्शन" म्हणून जे सांगितलं जातं त्यात साधारण तीन वेगळ्या गोष्टी असतात: सरकारी योजना, कंपनीची पेन्शन आणि स्वतः घेतलेली खाजगी योजना. तिघांचे नियम वेगळे, पत्ते वेगळे, देश सोडल्यावर होणारे परिणामही वेगळे. म्हणून पहिलं काम हे की एका कागदावर तीन रकाने पाडा आणि आजवरच्या प्रत्येक नोकरीसमोर काय होतं ते लिहा.

सरकारी योजनेत सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे किमान वर्षं. जर्मनीत 5 वर्षांची (60 महिन्यांची) वर्गणी असली की म्हातारपणीच्या पेन्शनचा हक्क तयार होतो. ब्रिटनमध्ये किमान 10 पात्र वर्षं लागतात आणि पूर्ण रकमेसाठी 35. अमेरिकेत 40 क्रेडिट, म्हणजे ढोबळमानाने 10 वर्षांचं काम. जपानमध्ये पूर्वी 25 वर्षं लागत, 1 ऑगस्ट 2017 पासून 10 पुरतात. शिवाय जपानी नागरिक परदेशात राहिल्याची वर्षं पात्रतेत मोजली जातात, रकमेत नाही.

जोडीदार या किमान आकड्याच्या जरासा अलीकडे असेल तर निघायची तारीख चार-सहा महिने पुढे ढकलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय असतो. 57 महिने भरून जर्मनी सोडणारा माणूस मी पाहिलाय. विमानाचं तिकीट आधीच काढलं होतं म्हणे.

दुसरं, नोंद तपासा. जर्मनीत डॉइचे रेंटेनफरझिखरुंग ही सरकारी पेन्शनची संस्था मागितल्यावर आजवरच्या वर्गणीचा पूर्ण उतारा देते. त्यात शिक्षणाची वर्षं, बाळंतपणानंतरचा काळ बहुतेक वेळा गाळलेला असतो, कारण ते आपण कळवल्याशिवाय त्यांना कळत नाही. यासाठी "खातं स्पष्ट करून घेण्याचा" अर्ज असतो. तिथे राहत असतानाच तो करा. जुन्या कॉलेजचा दाखला किंवा बंद पडलेल्या कंपनीचं पत्र नागपुरात बसून मिळवणं म्हणजे डोक्याला ताप.

मुलं झाली असतील तर इथे खास लक्ष द्या. 1992 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे जर्मनी सांभाळ करणाऱ्या पालकाच्या खात्यावर 3 वर्षं जमा करते, आणि ती जवळजवळ सरासरी पगारावर वर्गणी भरल्यासारखी धरली जातात. सरासरी पगारावर भरलेल्या एका वर्षाला एक गुण मिळतो. जुलै 2025 ला एका गुणाची किंमत महिना 40.79 युरो ठरली होती. म्हणजे एका मुलामागे महिन्याला सुमारे 120 युरो, आयुष्यभर. पण हे अर्ज केल्याशिवाय होत नाही, आणि सर्वसाधारणपणे मूल तिथे वाढवलं त्याच महिन्यांचं मिळतं. मूल दीड वर्षाचं असताना नागपूरला आलात तर उरलेलं दीड वर्ष सहसा गेलं. आमच्या ओळखीत दोन मुलं तिथे झालेल्या एका बाईंनी हा अर्जच केला नव्हता, "तेव्हा मी काम कुठे करत होते?" हे त्यांचं कारण.

याच गुणांवर आपली अंदाजे पेन्शनही काढता येते. आठ वर्षं साधारण सरासरी पगार असेल तर 8 गुण, म्हणजे त्याच दराने महिना 326 युरो. फार नाही, पण नागपुरात एका घराचा किराणा, वीज आणि औषधं त्यात निघतात.

पैसे काढून घेण्याचा मोह

जर्मन नागरिकाला वर्गणी परत मिळण्याची वाट सहसा बंदच असते, कारण त्याला जगात कुठूनही स्वेच्छेने वर्गणी भरत राहायचा हक्क आहे. परतावा हा विषय येतो तो नवरा किंवा बायको भारतीय असून तिथे काही वर्षं नोकरी केली असेल तेव्हा. परताव्यासाठी युरोपीय संघ सोडून 24 महिने व्हावे लागतात, आणि मिळतो तो फक्त कर्मचाऱ्याचा वाटा. पगाराच्या 18.6 टक्के वर्गणीतला मालकाने भरलेला अर्धा भाग सोडून द्यायचा, आपल्या अर्ध्यावर व्याज नाही, आणि एकदा पैसे घेतले की त्या वर्षांचा कोणताही हक्क उरत नाही. जपानमध्ये बिगर-जपानी माणसाला देश सोडल्यावर 2 वर्षांच्या आत एकरकमी रक्कम मागता येते, तिथेही ती घेतली की ती वर्षं पुसली जातात. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला जाताना सुपरॲन्युएशन (नोकरीतून जमलेली निवृत्तीची बचत) काढता येतं, पण नागरिक आणि कायम रहिवासी यांना नाही, त्यांचे पैसे वय होईपर्यंत तिथेच.

खाजगी योजनांमध्ये सापळे जास्त. जर्मनीची सरकारी अनुदान मिळणारी रीस्टर योजना असेल तर युरोपबाहेर कायमचं जाणं हे नियमभंग धरलं जातं आणि मिळालेलं अनुदान व करसवलत परत मागितली जाते. अर्ज केला तर ही वसुली पेन्शन सुरू होईपर्यंत पुढे ढकलता येते. म्हणून निघण्याआधी कंपनीला लेखी विचारा. ब्रिटनची खाजगी पेन्शन भारतात "ट्रान्सफर" करून देतो म्हणणाऱ्या एजंटापासून जपून. परदेशी योजनेत रक्कम हलवताना 25 टक्के कर लागू शकतो, आणि एजंटाचं कमिशन वेगळंच.

कंपनीच्या पेन्शनसाठी एवढंच: हक्क पक्का झाला का ते लेखी घ्या. जर्मनीत कंपनीने 2018 पासून पेन्शनचं वचन दिलं असेल तर त्याला 3 वर्षं पुरतात.

नाव, पत्ता, फोन, बँक

कंटाळवाणा भाग आहे, पण वीस वर्षांनी जे अडतं ते इथेच.

आपल्याकडे बायकोच्या नावात नवऱ्याचं नाव घालायची हौस बँकेपासून गॅस एजन्सीपर्यंत सगळ्यांना. पासपोर्टवर "आना म्युलर" असलेली बाई पॅनवर "आना संजय म्युलर" आणि बँकेत "आना संजय देशमुख" होते. पुढे तिकडची पेन्शन संस्था विचारते, या तीन बायका कोण? म्हणून पॅन, आधार, बँक, विवाह नोंदणी, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव अक्षराला अक्षर. काउंटरवरचा माणूस "मधलं नाव रिकामं कसं ठेवायचं मॅडम" म्हणेल, ठेवायला लावा.

लग्न कुठेही झालेलं असो, त्याचा दोन्ही देशांत चालणारा दाखला हवा. नागपुरात लग्न झालं असेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयातली नोंद किंवा विशेष विवाह कायद्याखाली निबंधकाकडची नोंद, यापैकी काय आहे ते बघा. तो दाखला परदेशात कोणत्या रूपात चालेल, अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी प्रमाणन-शिक्का) करून की दूतावासामार्फत पडताळून, हे त्या देशाला आधी विचारा आणि मगच एजंटाला पैसे द्या. देशागणिक उत्तर वेगळं येतं.

तिकडचा मोबाइल नंबर स्वस्तातल्या प्लॅनवर चालू ठेवा. पेन्शन, कर, बँक सगळ्यांच्या पोर्टलचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. तिकडची बँक पत्ता भारताचा झाल्यावर खातं ठेवते का, हेही आधी विचारा. काही बँका ठेवत नाहीत. भारतात राहायला आल्यावर परदेशातलं खातं बंद करावंच लागतं असा एक समज आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम 6(4) प्रमाणे, माणूस भारताबाहेर राहत असताना मिळवलेली परदेशी मालमत्ता आणि चलन पुढेही ठेवता येतं.

निवासाचा पत्ता तिकडच्या पेन्शन संस्थेला कळवा आणि नागपुरात घर बदललं की पुन्हा कळवा. भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जाताना दूधवाल्याला सांगतो, यांना सांगायचं राहतं.

आल्यानंतर वर्गणी चालू ठेवायची का?

यासाठी आधी जोडीदार इकडे काम करणार का ते पाहा. सुरुवातीला जोडीदार म्हणून जो एंट्री व्हिसा मिळतो त्यावर नोकरी करता येत नाही. ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिकाला इथे बेमुदत राहायची आणि नोकरी करायची मुभा देणारं कार्ड) नोंदणीकृत लग्नाला 2 वर्षं झालेली असावी लागतात. लग्नाला पाच-सात वर्षं झाली असतील तर ओसीआय तिकडूनच करून आलेलं उत्तम. व्हिसावर आलात तर नोंदणी ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवरून होते.

ओसीआय मिळून मिहानमधल्या एखाद्या कंपनीत नोकरी लागली, तर परदेशी पासपोर्टवाला कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या (ईपीएफच्या) भाषेत "इंटरनॅशनल वर्कर" ठरतो. भारतीय सहकाऱ्याला 15,000 रुपयांची पगार मर्यादा असते, याला ती नसते. पूर्ण पगारावर 12 टक्के. यावरून कोर्टात वाद झालेले आहेत, पण एचआरकडून पगाराची पावती घेताना हे धरून चला.

हे ईपीएफचे दिवस काही देशांच्या बाबतीत सोन्यासारखे ठरतात. भारताने जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, स्वीडन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा अनेक देशांशी सामाजिक सुरक्षा करार केलेत. जर्मनीशी झालेला सर्वसमावेशक करार 1 मे 2017 पासून लागू आहे. त्यात किमान 5 वर्षांची अट पुरी करायला दोन्ही देशांतली वर्षं जोडता येतात. वरचा 57 महिन्यांवाला माणूस इथे वाचतो: मिहानमधले तीन महिने जोडले की हक्क उभा राहतो. रक्कम मात्र जर्मनी आपल्या 57 महिन्यांचीच देणार. म्हणून इथली नोकरी सोडताना ईपीएफ आणि पेन्शन योजनेचे पैसे घाईने काढू नका. आधी भविष्य निधी कार्यालयात विचारा की काढल्यावर ती वर्षं जोडणीला उरतात का.

अमेरिकेशी असा करार नाही. ब्रिटनशी 2025 च्या व्यापार कराराबरोबर जे ठरलं ते तात्पुरत्या पाठवलेल्या कर्मचाऱ्याला दोन्हीकडे वर्गणी लागू नये एवढ्यापुरतं. पेन्शनची वर्षं त्यात जोडली जात नाहीत.

नोकरी नसेल तर स्वेच्छा वर्गणी. जर्मन नागरिक महिना साधारण शंभर-सव्वाशे युरोपासून पुढे हवी तेवढी, वरच्या मर्यादेत, भरू शकतो. एखाद्या वर्षाची वर्गणी पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालते. आपल्याकडे ती तारीख कोणी विसरत नाही. किमान वर्गणीत पेन्शन फारशी वाढत नाही. मी ती दोनच परिस्थितींत भरेन: 5 वर्षं पुरी व्हायला थोडं कमी असेल तेव्हा, किंवा दुसरी कोणतीच परकीय चलनातली बचत नसेल तेव्हा. बाकी लोकांनी तोच पैसा कुठे वाढतो ते पाहावं.

ब्रिटनचं गणित बदललंय. परदेशात राहणाऱ्यांना आठवड्याला 3.50 पौंडांत भरता येणारी क्लास 2 वर्गणी 6 एप्रिल 2026 पासून बंद. आता महागडी क्लास 3, आणि नव्याने अर्ज करणाऱ्याला 10 वर्षांचं वास्तव्य किंवा वर्गणी हवी. त्याच्या वर, ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला दरवर्षी वाढत नाही. सुरू झाली त्या रकमेवर गोठते. वीस वर्षांनी महागाईत तिचं काय उरेल ते काढून मगच क्लास 3 भरायची की नाही ते ठरवा.

अमेरिकन जोडीदाराला स्वेच्छा वर्गणी नसते. पण तो धरमपेठेत स्वतःचे इंग्रजीचे क्लास चालवत असेल तर अमेरिकेचा 15.3 टक्के स्वयंरोजगार कर त्याला नागपुरात बसूनही लागू होतो, आणि त्यातून क्रेडिटही जमतात. 34 क्रेडिटवर अडकलेल्या माणसाला हा कर वरदान वाटू शकतो.

भारतातला आयकर

वर्षात 182 दिवस किंवा जास्त इथे राहिलं की माणूस निवासी. पण आधीच्या 10 पैकी 9 वर्षं अनिवासी असेल, किंवा आधीच्या 7 वर्षांत मिळून 729 दिवसांपेक्षा जास्त भारतात नसेल, तर "निवासी पण सामान्य निवासी नाही" असा दर्जा मिळतो, आणि त्या काळात तिकडच्या उत्पन्नावर इथे सहसा कर नसतो. साधारण दोन-तीन वर्षं ही सवलत चालते. परदेशातल्या खाजगी योजनेतून कायदेशीरपणे काही काढायचंच असेल तर ते याच काळात बसवता येतं का, हे सीएला विचारा. सीए मात्र परदेशी उत्पन्नाचं काम नियमित करणारा हवा. ओळखीचा, घराजवळचा, मेव्हण्याच्या वर्गातला, हे निकष इथे चालत नाहीत.

त्यानंतर जगभरचं उत्पन्न आणि परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. बँक खातं, खाजगी पेन्शन फंडातलं खातं, सगळं. आणि इथे हिशेब 31 डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा असतो, मार्चचा नाही. लपवल्यास काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण दाखवायचं ते दाखवायचंच. नोकरी, व्यवसाय किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी माणसाला जुनी, उत्पन्न न देणारी मालमत्ता न दाखवण्याची मुभा आहे. जोडीदार म्हणून व्हिसा किंवा ओसीआयवर राहणाऱ्याला ती नाही, आणि हा फरक पुष्कळांना माहीत नसतो.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा इथल्या निवृत्ती खात्यातली वाढ दरवर्षी इथे करपात्र धरायची की पैसे काढताना, हा घोळ 2021 साली आयकर कायद्यात कलम 89ए आणून सोडवला: पर्याय निवडला तर पैसे काढताना कर. एकदा निवडला की मागे घेता येत नाही. जर्मनी त्या यादीत नाही. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुने लेख वाचून फॉर्म शोधू नका.

पेन्शन सुरू झाल्यावर कर कोणी घ्यायचा ते त्या देशाशी असलेल्या दुहेरी करटाळणी करारातलं पेन्शनचं कलम ठरवतं. ब्रिटनची बिगर-सरकारी-नोकरीची पेन्शन भारतात राहणाऱ्याला भारतातच करपात्र. अमेरिकेची सोशल सिक्युरिटी उलट, फक्त अमेरिकेत. जर्मन पेन्शनरांचं परदेशातलं करखातं नॉयब्रांडेनबुर्गच्या कर कार्यालयात असतं. तिथून पत्र आलं तर घाबरू नका, पण जर्मन आहे म्हणून बाजूलाही टाकू नका.

अर्ज, हयातीचा दाखला, आणि मागे राहणारा

पेन्शन आपोआप सुरू होत नाही. जर्मनीत 1964 किंवा नंतर जन्मलेल्यांचं वय 67, अमेरिकेत 1960 किंवा नंतर जन्मलेल्यांचं पूर्ण वय 67, ब्रिटनमध्ये 66 वरून 2028 पर्यंत 67 होतंय. सहा महिने आधी अर्ज करा. पैसे तिकडच्या खात्यात घ्यावेत की नागपूरच्या, यात मी तिकडच्या खात्याच्या बाजूचा: दर महिन्याला लहान रकमेवर बदलीचा खर्च जाण्यापेक्षा वर्षातून दोन-तीनदा आणता येतात.

मग दरवर्षी हयातीचा दाखला. आपल्या निवृत्त शिक्षकांना नोव्हेंबरात जे करावं लागतं तेच. जर्मनीचा छापील फॉर्म टपालाने येतो, त्यावर अधिकृत शिक्का-सही हवी. बँकेचा मॅनेजर कधी करतो, कधी "आमच्याकडे असं होत नाही" म्हणतो. जिल्हा न्यायालयाजवळच्या नोटरीकडे गेलेलं बरं. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा. फॉर्म वेळेत पोचला नाही तर पेन्शन थांबते. नंतर पोचला की थांबलेले महिनेही मिळतात.

शेवटचा मुद्दा नागपूरकर जोडीदाराचा, म्हणजे माझ्यासारख्याचा. बायको आधी गेली तर जर्मनी विधुर पेन्शन देते: लग्नाला साधारण एक वर्ष झालेलं असावं, तिची 5 वर्षं भरलेली असावीत, आणि माझं वय ठरावीक असलं किंवा घरात लहान मूल असलं तर तिच्या पेन्शनच्या 55 टक्के. माझं स्वतःचं उत्पन्न, इथलंसुद्धा, एका मर्यादेवर गेलं की त्यातून कापलं जातं. ब्रिटनच्या नव्या सरकारी पेन्शनीत मागे राहणाऱ्याला जवळजवळ काही नाही. अमेरिकेत बिगर-नागरिक जोडीदार बाहेर राहत असेल तर त्याने त्या लग्नाच्या नात्यात किमान 5 वर्षं अमेरिकेत काढलेली असावी लागतात. फक्त सुट्टीत सासरी गेलेल्याला हा हक्क मिळणं अवघड.

त्यामुळे तिचा विमा क्रमांक, पेन्शन संस्थेचा पत्ता, लग्नाचा दाखला आणि वर्गणीचा शेवटचा उतारा यांची एक फाइल करा, आणि ती कुठे ठेवलीय ते तिला, तुम्हाला आणि मोठ्या मुलाला माहीत असू द्या. मृत्यूची बातमीही तिकडे लगेच कळवायची असते, कारण त्यानंतर खात्यात आलेली पेन्शन ते परत मागतात.